हॅलो हॅलो टेस्टिंगच्या पुढे काय बोलायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या वाचकांच्या पत्रांत कोणीतरी लिहिलं होतं की ग्रामसभेला लोक येत नाहीत, आले तर तोंड उघडत नाहीत, आमच्या लोकांना आता कशाचंच काही पडलेलं नाही. पहिलं मला पटलं, दुसरंही पटलं, तिसरं अजिबात नाही. पडलेलं सगळ्यांना आहे हो, ग्रामसभा संपल्यावर तिंठ्यावरच्या (म्हणजे गावच्या नाक्यावरच्या) हॉटेलात पातळभाजी पाव खाताना ऐका एकदा, एकेकाच्या तोंडून काय मुद्दे निघतात, सर्व्हे नंबरसकट. मग हेच लोक अर्ध्या तासापूर्वी हॉलमध्ये भिंतीला टेकून का उभे होते? भितात म्हणून. चारचौघांसमोर बोलायला भितात, आणि भीती वाटते हे सांगायची लाज वाटते म्हणून "कोण ऐकतो आमचं" असं म्हणून मोकळे होतात.

हे मी एवढं छातीठोकपणे सांगतो कारण माझा धंदाच माइकचा. डिचोली तालुक्यात १९९८ पासून साउंड लावतो, सुरुवातीला दोन भोंगे, एक आहुजाचा अँप आणि एम-८० गाडी एवढंच होतं, आता टेम्पो आहे, दोन पोरं हाताखाली आहेत. जत्रेतली नाटकं, चतुर्थीतल्या घुमट आरतीच्या स्पर्धा, शाळेचं गॅदरिंग, कोपरा सभा, शोकसभा, बारसं, ग्रामसभा, सगळीकडे मी असतो, पण कडेला, पडद्याआड. लोक वक्त्याच्या तोंडाकडे बघतात, मी हाताकडे बघतो. कारण हातात माझा माइक असतो ना. तर इतक्या वर्षांत मी जे हात बघितलेत त्यातले निम्मे तरी थरथरणारे होते, आणि त्यात फक्त गरीब बिचारे लोक होते असं समजू नका. सभा गाजवणारे म्हणून ज्यांचं नाव आहे असे लोकही माइकच्या स्टँडला असं घट्ट धरतात की मला वाटतं बुडणारा माणूस माडाला धरतोय. कागद आणलेला असला तर त्याची फडफड माइकात ऐकू येते, मग मी हळूच थोडा ट्रेबल, म्हणजे आवाजातला तीक्ष्णपणा, कमी करतो. कोणाला कळत नाही, वक्त्यालाही नाही.

एक गोष्ट सांगतो जी बहुतेक पुस्तकात मिळणार नाही. माणूस बोलायला लागला की पहिली तीस चाळीस सेकंदं त्याचा आवाज पातळ आणि वरच्या पट्टीत येतो, गळा आवळल्यासारखा. मिक्सरवरचे दिवे बघितले तर हिरव्यातले दोनच पेटतात. म्हणून मी फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकती खिट्टी, वर ढकलून ठेवतो. मग एक मिनिट होतं, दीड मिनिट होतं, आणि माणूस आपल्या नेहमीच्या आवाजात येतो, दिवे नारिंगीपर्यंत उड्या मारायला लागतात, मग मी फेडर खाली आणतो. जवळजवळ प्रत्येक माणसाचं असंच. म्हणजे भीती असते ती त्या पहिल्या मिनिटाची, पण लोक घाबरून तो पहिला मिनिटच टाळतात आणि मग जन्मभर त्यांना वाटत राहतं की सगळं भाषणच तसं गळा आवळलेलं झालं असतं.

आता माझं स्वतःचं सांगतो, लाज सोडून. मी हजारो लोकांना माइक दिला पण स्वतः माइकात आयुष्यभर एवढंच बोललो, हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री. काही वर्षांमागे आमच्या वाड्यावर रस्त्यावरचे दिवे चार महिने बंद होते आणि एका म्हाताऱ्या माणसाचा पाय गटारात जाऊन मोडला. मी ग्रामसभेत विषय काढायचं ठरवलं, घरी आरशासमोर तीनदा बोलून बघितलं, बायकोला बोलून दाखवलं. ती म्हणाली छान. सभेत माझा नंबर आला, मीच लावलेला माइक मीच हातात घेतला, समोर रोजची माणसं, ज्यांच्याकडे मी लग्नात जेवलोय अशी, आणि माझं तोंड असं कोरडं झालं की जीभ टाळूला चिकटली, कानात धडधड, आणि तोंडातून काय निघावं? हॅलो हॅलो टेस्टिंग. अख्खा हॉल हसला. मीही हसलो, "माइक बरोबर आहे" म्हणालो आणि खाली बसलो. दिव्यांचा विषय राहिला तो राहिलाच. लोकांना वाटलं मी गंमत केली. त्यानंतर बरेच दिवस रात्री झोपताना ते आठवायचं आणि मी उशीत तोंड खुपसायचो, ह्या वयात.

पण मला खरं कोडं पडलं ते आमच्या दुर्योधनाचं. आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक असतं, गोव्यात कुठल्या गावात नसतं म्हणा, सुतार, मास्तर, कदंब बसचा ड्रायव्हर, बँकेतला कारकून, सगळे तोंडाला रंग लावून उभे राहतात. आमचा एक मित्र आहे तो दुर्योधन करतो. काय तो आवाज! त्याच्यापुढचा माइक मी अर्धा बंद ठेवतो तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो, गदा खांद्यावर टाकून आला की पोरं आईच्या कुशीत शिरतात. हा माणूस दीड हजार लोकांसमोर भीमाला आव्हान देतो आणि हाच माणूस ग्रामसभेत स्वतःच्या बागायतीत शिरणाऱ्या पाण्याबद्दल दोन वाक्यं बोलू शकत नाही, शेजाऱ्याला कोपर मारून सांगतो, "तू उलय मरे", तू बोल रे. मी त्याला विचारलं, असं कसं रे? तो म्हणाला, तिथे मी नसतो ना, दुर्योधन असतो. चुकलं तर दुर्योधनाचं चुकतं आणि अडलं तर आत प्रॉम्प्टर बसलेला असतो. इथे माझं मला बोलायचं, आणि उद्या त्याच लोकांच्या दुकानात जायचं.

मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. आम्हाला स्टेजची भीती नाही, आमच्या रक्तात स्टेज आहे, मंगेशीच्या दीनानाथांचं नाव सांगतो आम्ही अभिमानाने. भजन म्हणू, आरतीत घुमट वाजवू, फुगडी घालू, दुसऱ्याने लिहिलेलं काहीही करू. स्वतःचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत उभं राहून सांगायचं म्हटलं की पाय लटपटतात, कारण त्याची सवयच आम्हाला कोणी लावली नाही. लहानपणी घरात पाहुणे आले की आम्हाला काय सांगायचे? "ओगी राव, व्हडांमदीं उलोवं नाका", म्हणजे गप्प राहा, मोठ्यांमध्ये बोलू नको. आणि शाळेत गेल्यावर एकदम १५ ऑगस्टला उभं करायचे, बोल. काय बोल? तर बाईंनी लिहून दिलेलं. अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र मैत्रिणींनो, इथपासून ते एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो, जय हिंद जय गोमंतक, इथपर्यंत सगळं पाठ. मी दरवर्षी पाच सहा शाळांत साउंड लावतो, अजून तेच चालू आहे. पोर मध्येच एका शब्दाला अडतं, डोळे छताकडे जातात, पुढचं वाक्य आठवलं तर गाडी सुटते नाहीतर रडायला लागतं, बाई विंगेतून ओठ हलवून सांगत असतात. त्या पोराला विचारा की बाबा, तू आत्ता टिळकांबद्दल काय सांगितलंस, तर सांगता येणार नाही. पाठांतराची परीक्षा घेतो आणि त्याला वक्तृत्व स्पर्धा म्हणतो, आणि त्यात जे पोर अडलं ते मनात कायमचं लिहून ठेवतं की आपल्याला बोलता येत नाही.

त्यात आमचा गोंयकारांचा आणखी एक घोळ, भाषेचा. (भाषावाद काढायचा नाही मला, तो काढणारे पुष्कळ आहेत.) घरात कोंकणी, वाचायला मराठी पेपर, शाळेत चौथीनंतर इंग्लिश, कामगारांशी हिंदी. आता माइक हातात आला की कुठली काढायची? मी बघतो ना, बाकावर बसून मस्त कोंकणीत तावातावाने बोलणारा माणूस उभा राहिला की एकदम पेपरातल्या मराठीत शिरतो, "सदर विषयासंदर्भात मी निदर्शनास आणू इच्छितो की", आणि की च्या पुढे गाडी थांबते, कारण पुढचं सगळं त्याच्या डोक्यात कोंकणीत आहे. शिकलेला असला तर इंग्लिशमध्ये शिरतो आणि तिथे अडकतो. लोकांना वाटतं हा घाबरला. घाबरतो तो शब्द शोधण्यात, बोलण्यात नाही. अरे ज्या भाषेत तिंठ्यावर भांडतोस त्याच भाषेत बोल, सगळ्यांना कळते.

काही लोक म्हणतात ही आमची गप्प बसायची सवय पोर्तुगीजांच्या काळातली. आजोबा सांगायचे की लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापायला लागायची, सभा घ्यायचं तर नावच नको. त्यात तथ्य असेल. पण मग १८ जून १९४६ ला मडगावात काय झालं ते आठवा. सभेला परवानगी नाही, डॉ. राम मनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस घोडागाडीतून मैदानावर आले, पोर्तुगीज अधिकाऱ्याने लोहियांवर पिस्तूल रोखलं, त्यांनी त्याचा हात बाजूला सारला, दोघांनाही अटक झाली. भाषण काही पुरतं होऊ दिलं नाही. पण त्यानंतर गोव्यात लोक उभे राहून बोलायला लागले. त्याच वर्षी गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक टी. बी. कुन्हांना ८ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. बोलायला खरोखर घाबरावं असे ते दिवस होते आणि तेव्हा लोक बोलले. आज ग्रामसभेत बोललं तर फार फार तर काय होईल, सरपंच तोंड वाकडं करील. त्यामुळे सगळं पोर्तुगीजांच्या डोक्यावर घालणं मला काही पटत नाही, त्यांना जाऊन १९६१ पासून किती वर्षं झाली.

माझी मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकते. टेस्टिंगवाला किस्सा तिला सांगितला तेव्हा ती पोट धरून हसली आणि मग तिने मला समजावलं की तोंड कोरडं पडणं, छाती धडधडणं, हात गार पडणं हे सगळं अॅड्रेनलिनचं काम, शरीराला वाटतं समोर वाघ आला, पळायचं किंवा भिडायचं, म्हणून ते रक्त मोठ्या स्नायूंकडे पाठवतं, पचनाचं काम थांबवतं, लाळ सुकते. शरीर बिघडलेलं नसतं, उलट जास्तच हुशारीने काम करत असतं. आणखी एक तिने सांगितलं ते मला फारच आवडलं. अमेरिकेत सॅवित्स्की आणि गिलोविच नावाचे दोन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००३ मध्ये छापलेल्या प्रयोगात दाखवलं की भाषण करणाऱ्याला वाटतं आपली घाबरगुंडी सगळ्यांना स्वच्छ दिसतेय, पण ऐकणाऱ्यांना ती त्याच्या मानाने फारच कमी दिसते. आणि गंमत म्हणजे ज्यांना ही गोष्ट भाषणाच्या आधी सांगून ठेवली ते इतरांपेक्षा चांगलं बोलले. मी म्हटलं, अगो हे मला माहीत आहे, मी पंचवीस वर्षं तेच बघतोय! वक्ता उतरून आला की घाम पुसत मला विचारतो, "फार घाबरल्यासारखं वाटलं का हो?" आणि समोरच्या लोकांना विचारलं तर त्यांना काही पत्ता नसतो, ते जेवणाची वाट बघत असतात.

आणि ज्यांना वाटतं की मोठी माणसं जन्मतःच बोलायला शिकून येतात त्यांनी गांधीजींचं आत्मचरित्र वाचावं. बॅरिस्टर होऊन आलेला माणूस, मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिलीच केस, उलटतपासणीला उभे राहिले आणि डोकं गरगरायला लागलं, एकही प्रश्न सुचला नाही, खाली बसले आणि ३० रुपये फी परत देऊन टाकली. माझं निदान फी परत द्यायचं झालं नाही.

तो एक श्लोक आहे ना, शंभरात एक शूर, हजारात एक पंडित, वक्ता दशसहस्रेषु. प्रत्येक सभेत पाहुण्यांची ओळख करून देताना कोणीतरी तो म्हणतोच, मला आता पाठ झालाय. माझं स्पष्ट मत आहे की ह्या श्लोकाने आमचं नुकसान केलंय. दहा हजारांत एक म्हटल्यावर बाकीच्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव लोकांनी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या? सगळ्यांनी वक्ता कशाला व्हायला पाहिजे, नळाला पाणी येत नाही एवढं सांगता आलं तरी पुरे की.

आता थोडं माझ्या धंद्यातलं, कारण भीतीतली निदान पाव भीती तरी माइकची असते आणि ती कोणी सांगतच नाही. पहिल्यांदा बोलणाऱ्याला आपलाच आवाज बॉक्समधून आला की दचकायला होतं, हा कोण बोलतोय? त्याचं कारण असं की रोज आपण आपला आवाज कानाबरोबर कवटीच्या हाडातूनही ऐकतो त्यामुळे तो आपल्याला भरदार वाटतो, बॉक्समधून येतो तो फक्त हवेतून, पातळ वाटतो. बाकी सगळे आयुष्यभर तुमचा तोच आवाज ऐकत आलेत, त्यांना काही नवीन नाही. दुसरं म्हणजे मोठ्या मैदानात. आवाज एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे लांबचा भोंगा ३४ मीटरवर असला तर तिथला आवाज तुमच्या कानात एक दशांश सेकंद उशिरा येतो आणि समोर शाळेची भिंत असली तर त्याहून उशिरा. स्वतःचंच बोलणं असं मागून येऊन कानात आदळलं की भलेभले अडखळतात, जीभ जड होते. लोकांना वाटतं हा घाबरला, त्यालाही तसंच वाटतं, आणि मग तो खरंच घाबरतो. तेव्हा एकच करायचं, वाक्यं लहान करायची आणि दोन वाक्यांमध्ये थांबायचं. थांबायला घाबरू नका, तुम्हाला युग वाटतं, खाली बसलेल्याला श्वासाएवढं वाटतं.

माइक हनुवटीजवळ धरायचा, तोंडापासून चार बोटं. काही लोक जाळीवरच मूठ आवळतात, गाणारी पोरं करतात तशी, मग शिट्टी मारते आणि सगळे माझ्याकडे रागाने बघतात. बॉक्समधून आलेला आवाज परत माइकात शिरतो आणि गोल गोल फिरत वाढतो त्याची ती शिट्टी, माइकात मागून आणि बाजूने येणारा आवाज कमी घ्यायची सोय असते ती मूठ आवळल्यावर जाते. शिट्टी वाजली म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही, ते बघायला मी आहे. आणि बोलायला उठायच्या आधी हळूहळू लांब श्वास सोडा, घेण्यापेक्षा सोडण्यावर लक्ष द्या, त्याने धडधड कमी होते, हे मुलीने सांगितलं आणि मी करून बघितलंय.

केव्हा करून बघितलं ते सांगतो. आमच्या नाटकाचे प्रॉम्प्टर, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, दोन वर्षांमागे गेले. हा माणूस २२ वर्षं माझ्या शेजारी विंगेत बसला. माझा मिक्सर आणि त्यांचं स्टूल, मध्ये एक वीत अंतर. हातात संहितेची वही, दुसऱ्या हातात लाल कागद गुंडाळलेली बॅटरी, आणि डोळे नटाच्या तोंडावर, तो अडणार हे त्यांना त्याच्या आधी कळायचं. आमचं भांडण एकाच गोष्टीवरून, त्यांचा आवाज वर टांगलेल्या माइकात यायचा. प्रेक्षकांना वाक्य दोनदा ऐकू यायचं, आधी काकांचं मग दुर्योधनाचं. मी म्हणायचो काका हळू, ते म्हणायचे हळू बोललो तर ह्या बहिऱ्याला ऐकू कसं जाणार. दरवर्षी तेच.

काकांची शोकसभा देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत होती, माइक अर्थात माझा. अध्यक्षांनी नेहमीचं बोलून झाल्यावर विचारलं की नाटकातलं कोणी दोन शब्द बोलेल का. शांतता. दुर्योधन, भीम, शकुनी सगळे मांडी घालून जमिनीकडे बघत बसलेले, ज्यांच्या तोंडात काकांनी जन्मभर शब्द घातले त्यातल्या एकालाही शब्द सुचेना. काकांची बायको भिंतीला टेकून बसली होती. माइक माझ्या हातात होता, कारण मी तो कोणाला तरी द्यायला उभा होतो, आणि घ्यायला कोणीच हात पुढे करेना. तसाच उभा राहिलो, श्वास सोडला, आणि कोंकणीतच सुरू केलं. फार काही बोललो नाही. सांगितलं की २२ वर्षं मी एकच काम केलं, काकांचा आवाज माइकात येऊ नये म्हणून धडपडलो. आज वाटतं की एकदा तरी तो फेडर वर करायला हवा होता, म्हणजे लोकांना कळलं असतं नाटक कोणाच्या आवाजावर चाललंय. मग माइक कुठल्या वर्षी कुठे टांगला होता आणि काका कसे भांडले ते सांगितलं तेव्हा मागे कोणीतरी हसलं, काकांची बायकोही पदर तोंडाला लावून हसली, आणि मी खाली बसलो. दोन मिनिटं झाली असतील नसतील. माझे गुडघे असे हलत होते की पँट हलताना मला दिसत होती. बाहेर आल्यावर दुर्योधनाने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरें उलयलो रे. तुका कांयच भंय दिसलो ना मरे?" चांगलं बोललास, तुला काहीच भीती वाटली नाही ना रे?

त्यानंतर मी काही वक्ता वगैरे झालो नाही. अजूनही तोंड कोरडं पडतं. पण टेस्टिंगच्या पुढे जायला लागलोय, आणि दिव्यांचा विषय मागच्या वर्षी मांडला, आता दिवे लागलेत. दोन सोडून.

तर संपादक साहेब, माझं म्हणणं एवढंच की भीती घालवा म्हणून लोकांना उपदेश करण्यापेक्षा बोलायची जागा थोडी सोपी करा. गोव्यात १९१ पंचायती आहेत, पंचायत राज कायदा १९९४ चा आहे, ग्रामसभेत बोलायचा हक्क कागदावर सगळ्यांना आहे. पण प्रत्यक्षात बघा, माइक कुठे असतो? पुढे, सरपंचांच्या टेबलासमोर, स्टँडवर. म्हणजे ज्याला बोलायचंय त्याने आपली खुर्ची सोडायची, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत मधून चालत जायचं, गावाकडे पाठ करायची आणि पंचांकडे तोंड करून बोलायचं. ही काय कोर्टातली साक्ष आहे? त्या पंधरा पावलांतच माणसाचं अर्धं बळ जातं. मी एका गावात सचिवांना विचारून एक कॉर्डलेस मागच्या रांगांत फिरता ठेवला होता, सहज, माझ्याकडे जास्तीचा होता म्हणून. एका म्हाताऱ्या बाईच्या खुर्चीपर्यंत पोराने तो नेला. तिने आधी तो हातात घेऊन इकडून तिकडून बघितला, मग विचारलं, "बसून उलयल्यार चलता?" सरपंच म्हणाले चलता. आणि बाई बसल्या बसल्या बोलली, पहाटे तीनला पाणी येतं, सून दिवसपाळीला जाते, मला गुडघ्यांमुळे कळशी उचलत नाही, तर तीनचं पाणी मी कसं भरू सांगा. एवढंच. पेपरातला एक शब्द नाही. त्यानंतर बायकांच्या रांगेत माइक असा फिरला की मला सेल बदलावे लागले.

शाळांनीही वर्षातून एकदा १५ ऑगस्टला एका पोराला फासावर चढवण्यापेक्षा रोज सकाळी वर्गात एकाला एक मिनिट द्यावं, काल काय बघितलं ते सांग, बसून सांग, कोंकणीत सांग, अडलास तर अडलास. नंबर नको, परीक्षक नको, आणि कृपा करून टिळक नकोत. टिळकांनी शेंगदाणे खाल्ले नाहीत हे आता सगळ्या गोव्याला ठाऊक झालंय. आणि सभा घेणाऱ्यांनी ते व्यासपीठावरील मान्यवर प्रकरण जरा आवरावं, पंधरा नावं क्रमाने घ्यायची, एक चुकलं तर रुसवा, नवख्या माणसाची सगळी ताकद तिथेच संपते, मुद्द्याला येईपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो.

आमच्या पंचायतीची पुढची ग्रामसभा आली की मी दोन कॉर्डलेस घेऊन जाणार आहे, एक पुढे, एक मागे फिरता. भाडं नको, सेल तेवढे पंचायतीने द्यावेत. तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या पंचायतीला करून बघायचं असेल तर मला सांगावं, मी येईन, जत्रेचा दिवस सोडून. फक्त माइक हातात घेतल्यावर त्यात फुंकर मारू नका आणि टकटक करू नका, चालू आहे की नाही ते मी आधीच बघितलेलं असतं.

आपला,
एक साउंडवाला
डिचोली तालुका, गोवा